इस्तंबूलला जाताय, पण आधी बाबांना विचारलंत का?

जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या एका गावातून एका वाचक मैत्रिणीचं लांब पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा इथे देते.

नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगा सहा वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातून सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले आहेत. दोघंही पहिल्यांदाच देशाबाहेर पडले. ऑक्टोबरअखेर मुलाच्या शाळेला सुट्टी आहे आणि दोघांना कशीबशी चार दिवसांची रजा जुळली आहे. नवऱ्याच्या मनात तुर्कस्तान आहे, कारण विमानानं ते तीन तासांवर आहे. त्याने एक्सेलमध्ये आराखडाही तयार केला आहे. पहिल्या दिवशी इस्तंबूल. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं कॅपाडोकिया आणि तिथला बलून. तिसऱ्या दिवशी इझमीर आणि एफेसस. चौथ्या दिवशी अंताल्याचा समुद्र बघून रात्री घरी. ‘आतली विमानं तासाभराची आहेत, स्वस्त आहेत, आणि आई-बाबा परत थोडेच येणार आहेत?’ असं त्याचं म्हणणं. तिला धास्ती वाटते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या माळकरी आहेत, एकादशी सोडत नाहीत. तिचं मत असं, की ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणी जातात तसं अंताल्याच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात जावं, खाणंपिणं सगळं तिथेच, दगदग नको. त्यात पुण्याच्या धाकट्या दिरानं घरच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तुर्कस्तानला कशाला पैसे घालवता?’ सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. ते फक्त ‘तुम्ही ठरवाल तसं’ एवढंच म्हणतात. चार शहरं की एक हॉटेल, की चार दिवसांसाठी हा खटाटोप करूच नये, आणि नवऱ्याला समजवायचं कसं, असं ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट काढा, व्हिसाचं पान उघडा आणि त्यावर किती वेळा प्रवेशाची परवानगी आहे तो रकाना बघा. तिथे ‘01’ असेल, ‘02’ असेल, नाहीतर कितीही वेळा असा अर्थ असलेली ‘MULT’ ही रोमन अक्षरं असतील. तुर्कस्तान शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे ‘01’ असेल तर श्टुटगार्टहून बाहेर पडल्याची नोंद झाली की तो व्हिसा संपला. त्यावर पुढची तारीख शिल्लक असली तरी उपयोग नाही. चार दिवसांनी तुम्ही तिघं परतीच्या विमानात बसाल आणि ते दोघं इस्तंबूलच्या काउंटरवर अडकतील. तुमच्या पत्रात गुडघे आहेत, जेवण आहे, तिकिटांचे दर आहेत, ही एक गोष्ट मात्र कुठेच नाही. ती साधी विसरही असेल, पण ज्यांच्यासाठी सहल चालली आहे त्यांचा पासपोर्टच कुणी उघडून बघितलेला नाही, हे वाचताना मला टोचलं. या मुद्द्याकडे मी नंतर पुन्हा येईन.

तुर्कस्तानच्या व्हिसाचं काम त्या मानानं सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन, ब्रिटन, अमेरिका किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा अथवा तिथला निवास परवाना असेल तर ई-व्हिसा मिळतो. तो एकाच प्रवेशाचा आणि 30 दिवसांचा असतो. तुम्हा तिघांचे जर्मन निवास परवाने आणि आई-बाबांचा शेंगेन व्हिसा यासाठी चालतात. तुर्कस्तानात उतरता त्या दिवशी ते चालू असले पाहिजेत, एवढं बघा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. त्याच्यासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी बरीच पानं आहेत.

आता तुमच्या नवऱ्याच्या आराखड्याकडे वळते. त्यात मायेची कमी नाही, हे आधी सांगते. हिशेब मात्र चुकला आहे. ‘विमान तासाभराचं’ म्हणजे प्रवास तासाभराचा, असं धरलं आहे. खरा प्रवास कसा होतो ते पाहा. इस्तंबूलच्या जुन्या भागातल्या हॉटेलातून नव्या विमानतळावर पोहोचायला तास-सव्वा तास. पाच जण, सामान आणि दुखरे गुडघे, म्हणून दीड तास आधी तिथे असायला हवं. उड्डाण सव्वा तासाचं. कॅपाडोकियासाठी उतरायचं ते नेवशेहिरला किंवा कायसेरीला. सामान घेऊन गोरेमे गावापर्यंत जायला कायसेरीहून आणखी तासभर. हॉटेलाच्या दारापासून हॉटेलाच्या दारापर्यंत साडेपाच-सहा तास गेले. असं तीन वेळा करायचं म्हणजे चार दिवसांतला दीड दिवस रांगांमध्ये आणि पट्ट्यावर सामानाची वाट बघण्यात गेला. त्यात जाता-येतानाचे तुकडे आहेतच. तुर्कस्तानचं घड्याळ 2016 पासून वर्षभर एकाच जागी आहे. जर्मनीतली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात. त्यानंतर गेलात तर दोन तासांचा फरक पडेल. सकाळी अकराला निघालात तर तिथे चार वाजलेले असतील आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळेल.

बलूनचं तर त्या आराखड्यात जमणारच नाही. बलून उडतात ते सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे आदल्या रात्री तिथे मुक्काम हवा आणि पहाटे पाचच्या आत तयार हवं. त्यात वारा अनुकूल नसेल तर विमान वाहतुकीचं खातं उड्डाणं थांबवतं. हे योग्यच आहे, पण हाताशी दुसरी सकाळ नसेल तर संधी गेली. टोपलीत चढायला उंच पाय टाकावा लागतो, उतरताना गुडघे वाकवून बसावं लागतं. सासूबाईंना ते झेपणार नाही. सहा वर्षांच्या मुलाला घेतीलच याचीही खात्री नाही. कॅपाडोकिया विलक्षण आहे. तिथे जायचं तर फक्त तिथेच, तीन रात्री काढून, तुम्ही दोघं आणि मुलगा थोडा मोठा झाल्यावर जा.

सासूबाई माळकरी आहेत, म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगते. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आहे, मुखदर्शन आहे, आणि गर्दीत वेळ नसेल तर लांबून कळसाला हात जोडून परत फिरणंही आहे. कळसदर्शनानेही मन भरतं, कारण आत कोण उभा आहे हे माणसाला जन्मापासून माहीत असतं. अनोळखी शहराचं तसं नसतं. चार शहरांचे चार कळस लांबून बघून हाती काही लागत नाही.

मी हे स्वतःच्या अनुभवानं शिकले. माझ्या आईला घेऊन मी अशीच दोन शहरांची घाईची सहल आखली होती. मधल्या विमानाला चार तास उशीर झाला आणि दुसऱ्या शहरात पोहोचलो तेव्हा सगळं बंद झालं होतं. मी आतल्या आत धुमसत होते, आई विमानतळावरच्या खुर्चीत बसून होती. आज तिला त्या सहलीचं विचारलं की ती त्या खुर्चीबद्दल आणि शेजारच्या बाईनं हातावर ठेवलेल्या सुक्या अंजिरांबद्दल सांगते. मी यादीत लिहिलेल्या एकाही इमारतीचं नाव तिला आठवत नाही.

तुमच्या बाजूच्या पर्यायाबद्दलही स्पष्ट बोलते. अंताल्याचं हॉटेल वाईट नाही. ऑक्टोबरअखेरही तिथे समुद्र पोहण्याजोगा असतो, मुलगा खूश राहील, तुम्हाला श्वास घेता येईल. पण सासू-सासरे तिथे काय करणार? पाण्यात उतरणार नाहीत. बुफेपुढे ताट घेऊन ‘यात काय आहे?’ असं दर वेळी तुम्हाला विचारणार. दगदग वाचेल, पण त्यांचे दिवस खाटेवर बसून जातील. अंताल्याच पटत असेल तर शहरातच, जुन्या तटातल्या कालेइची भागात राहा. तिथे हेड्रियन बादशहाचा संगमरवरी दरवाजा आहे, बंदर आहे, चहाची टपरी आहे, आणि विमानतळापर्यंत ट्राम जाते.

आता बाबांबद्दल. तुम्ही सहज एका ओळीत लिहून गेलात, की ते इतिहासाचे शिक्षक होते आणि काही बोलत नाहीत. मी तिथेच थांबले. महाराष्ट्रात इतिहास शिकवलेल्या माणसानं किती वेळा फळ्यावर ‘इ.स. 1453’ लिहिलं असेल! तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, जिंकलं, व्यापाराच्या खुष्कीच्या वाटा अडल्या, म्हणून युरोपियनांनी समुद्रमार्ग शोधले, आणि त्यातूनच वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला. आपण सगळ्यांनी हे ‘कारणे द्या’मध्ये पाठ केलं. बाबांनी ते वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतलं. ते शहर आता त्यांच्यापासून तीन तासांवर आहे आणि तुम्ही दोघं भांडताय ते बलून आणि बुफेवरून. ‘तुम्ही ठरवाल तसं’ याचा अर्थ त्यांना इच्छा नाही असा होत नाही. मुलाच्या घरी, मुलाच्या पैशावर राहणारा बाप तोंड उघडून काही मागत नाही, एवढाच तो अर्थ आहे. त्यांची इच्छा असेलच असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही एवढंच.

विचारताना ‘कुठं जायचं?’ असं मोघम विचारू नका, त्याला पुन्हा तेच उत्तर येईल. नकाशा पुढ्यात ठेवा आणि म्हणा, ‘बाबा, हे कॉन्स्टँटिनोपल, इथं काय घडलं ते नातवाला सांगा.’ मग त्यांचा चेहरा बघा.

दिरानं लिहिलेल्या गोष्टीबद्दलही त्याच वेळी विचारा. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूनं उभं राहिलं. पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं आणि कितीतरी लोकांनी ठरलेल्या सहली रद्द केल्या. हा राग खरा आहे, त्याला हसू नका आणि ग्रुपवर वादही घालू नका. माझं स्वतःचं मत असं, की एका सरकारची भूमिका आणि त्या देशातली माणसं यांत अंतर असतं. तुम्ही श्टुटगार्टमध्ये ज्या तुर्की दुकानातून कोथिंबिरीच्या जुड्या आणता, त्या दुकानदाराला त्याचा जाब कुणी विचारत नाही. पण हे माझं मत झालं. बाबांच्या किंवा आईंच्या मनाला ते पटत नसेल तर त्यांना समजावत बसू नका. अवघडलेल्या मनानं केलेली सहल चारही दिवस अवघडलेलीच राहते.

तसं झालं किंवा व्हिसावर ‘01’ निघालं, तर ग्रीस आहे. ते शेंगेनमध्येच आहे, म्हणून परतीचा प्रश्न येत नाही. थेसालोनिकी हे शहर 1912 पर्यंत तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होतं आणि आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याचा जन्म तिथलाच. समुद्रकाठचा लांबलचक सपाट रस्ता गुडघ्यांना मानवेल आणि बाबांना बायझंटाइन तटबंदी तिथेही भेटेल.

‘01’ असूनही सगळ्यांना इस्तंबूलच हवं असेल तर त्यालाही वाट आहे, आणि मला ती फार आवडते. सहल मुक्कामाच्या मधे घेण्याऐवजी शेवटी घ्या. आई-बाबांची परतीची वेळ येईल तेव्हा पाचही जण इस्तंबूलला जा, चार दिवस राहा, मग त्यांना तिथून मुंबईच्या विमानात बसवा आणि तुम्ही श्टुटगार्टला परत या. इस्तंबूल-मुंबई थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. त्यासाठी रजेची तारीख हलवावी लागेल. तीन महिन्यांचं सामान सोबत असेल, ते हॉटेलात किंवा विमानतळाच्या सामानघरात ठेवावं लागेल. शेंगेन व्हिसा संपायच्या आत इस्तंबूलला उतरायचं, हे विसरू नका. त्यांच्या हातात परतीचं तिकीट आधीच असेल तर पहिला टप्पा सोडून मधूनच विमानात बसता येईल असं धरून चालू नका. एक टप्पा चुकवला की विमान कंपन्या पुढचे टप्पे रद्द करतात. कंपनीला फोन करून तिकीट रीतसर बदलून घ्या. ते विमान इस्तंबूलमार्गेच जाणारं असेल तर मधे चार दिवस थांबण्याची सोय मागा.

इस्तंबूल ठरलं असं धरून पुढचं सांगते. माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्या इतर वाचकांनाही हे उपयोगी पडेल.

चार दिवस म्हणजे तीन रात्री, आणि तीन रात्री म्हणजे पूर्ण दिवस दोनच. मागे-पुढे दोन तुकडे. प्रत्येक पूर्ण दिवसाला सकाळी एक मोठी गोष्ट ठेवा, दुपारी दोन तास हॉटेलात पाठ टेकायची आणि संध्याकाळी पाण्याकाठी जायचं. यापेक्षा जास्त काही कागदावर लिहू नका.

तिकीट काढताना कोणत्या विमानतळावर उतरणार ते बघा. शहराला दोन आहेत. 2018 मध्ये सुरू झालेला नवा विमानतळ युरोपच्या बाजूला, काळ्या समुद्राकडे आहे. साबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला आहे. त्याला नाव दिलं आहे ते जगातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिकाचं, अतातुर्कच्या मानसकन्येचं. दोहोंत साधारण 80 किलोमीटर अंतर आहे, म्हणून एकावर उतरून दुसऱ्यावरून उडणं टाळा. दोन्हींकडे आता मेट्रो जाते, पण पाच जण, बॅगा आणि जिने हे गणित नको. विमानतळाची बस किंवा आधी ठरवलेली मोठी गाडी बरी. नवा विमानतळ प्रचंड आहे, चालून चालून तरुण माणूसही दमतो. आईंसाठी व्हीलचेअर मागा. युरोपीय नियमानुसार श्टुटगार्टला ती विनामूल्य मिळते, फक्त किमान 48 तास आधी कळवावं लागतं. दोन्ही टोकांसाठी विमान कंपनीलाच सांगा. ‘मी काय आजारी आहे का?’ असं त्या म्हणतील. त्यांना सांगा, की व्हीलचेअरबरोबर जाणाऱ्यांची रांगही सुटते.

हॉटेल सुलतानअहमेत, ग्युल्हाने किंवा सिरकेजी भागात घ्या. टी-1 ही ट्राम तिथून जाते आणि चढ-उतार त्या मानानं सुसह्य आहेत. गलाता बुरुजाकडच्या गल्ल्या फार उभ्या आहेत. तिकडे जायचंच झालं तर काराकोयपासून 1875 सालची भुयारी रेल्वे दीड-दोन मिनिटांत वर नेते, लंडननंतरची ही जगातली दुसरी. जुन्या हॉटेलांत लिफ्ट नसते, आणि न्याहारी नेमकी गच्चीवर असते. लिफ्ट आहे का, हे फोन करून विचारा.

पहिल्या पूर्ण दिवशी सकाळी लवकर हागिया सोफिया. 537 मध्ये बांधून पूर्ण झालेलं चर्च, 1453 नंतर मशीद, पुढे अतातुर्कच्या काळात संग्रहालय आणि जुलै 2020 पासून पुन्हा मशीद. बाबा तिथे बोलायला लागले तर थांबवू नका. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकांना 25 युरो द्यावे लागतात आणि त्यांना फक्त वरच्या सज्ज्यात नेतात. तिथे जायला चढ आहे. आईंना तो नको असेल तर त्यांना तुमच्यासोबत समोरच्या निळ्या मशिदीत न्या. ती सपाट आहे आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. चपला बाहेर काढायच्या, डोकं झाकायचं. साडीचा पदर पुरतो. ओढणी शोधत फिरणाऱ्या युरोपीय बायकांपुढे आईंना तिथे एकदम घरच्यासारखं वाटेल. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दोन्हीकडे जाऊ नका.

टोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. ग्रँड बाझार रविवारी बंद असतो, आणि 29 ऑक्टोबरलाही, कारण तो 1923 पासूनचा प्रजासत्ताक दिन आहे. तुमची सुट्टी त्याच सुमाराला येते. त्या दिवशी गर्दी असेल, झेंडे असतील, मुलाला मजा वाटेल. राजवाड्याच्या अंगणालगतच पुरातत्त्व संग्रहालय आहे. पर्यटक ते गाळतात, तुम्ही मात्र बाबांसाठी आवर्जून ठेवा. इजिप्त आणि आजच्या तुर्कस्तानातले प्राचीन हित्ती यांच्यातला कादेशचा तह कोरलेली मातीची वीट तिथे आहे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची. तळहाताएवढ्या त्या तुकड्यापुढे बाबा किती वेळ उभे राहतील ते सांगता येत नाही, त्यांना तेवढा वेळ द्या.

बाबांच्या 1453 साठी दुसऱ्या दिवशी त्याच ट्रामनं टोपकापी नावाच्या थांब्यावर उतरा. इथे घोटाळा होतो. टोपकापी राजवाडा तिथे नाही. राजवाड्यासाठी ग्युल्हानेला किंवा सुलतानअहमेतला उतरावं लागतं. टोपकापी थांबा शहराच्या पश्चिमेला, रोमन सम्राट थेओडोसियसच्या तटाशी आहे. पाचव्या शतकातला हा तट हजार वर्षं शहर राखून होता, आणि तोफांनी तो इथेच फोडला. शेजारी 1453 च्या वेढ्याचं गोल चित्र असलेलं संग्रहालय आहे, मध्यभागी उभं राहिलं की चहूबाजूंनी लढाई दिसते. नातवाला आजोबांकडून तिथेच ऐकू द्या, मार्गदर्शक घेऊ नका.

संध्याकाळी एमिनोनूहून कादिकोयला जाणारी रोजची फेरी बोट. पर्यटकांची महागडी क्रूझ नको. नोकरीवरून घरी जाणाऱ्या माणसांच्या बोटीत बसा. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात जाता. सिमितचा, म्हणजे तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचा, तुकडा फेकला की सीगल बोटीच्या बरोबरीनं उडत येतात. मुलगा परत जाऊ म्हणाला तर त्याच बोटीनं परत या. इस्तंबूलकार्ड नावाचं एकच कार्ड ट्राम, बोट, मेट्रो सगळीकडे चालतं.

आता जेवण, कारण तुमची खरी धास्ती मला तिथे दिसते. तुर्की जेवण म्हणजे कबाब, ही आपली समजूत श्टुटगार्टच्या कोपऱ्यावरच्या दुकानांनी करून दिली आहे. घरगुती तुर्की जेवणात ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक अख्खा प्रकार आहे, ‘झेयतिनयाली’ नावाचा, तो थंडच वाढतात. पालक, चीज किंवा बटाटा घातलेली गोझलेमे ही आपल्या पराठ्याची बहीण, बायका समोर लाटून तव्यावर भाजतात. भाताबाबत मात्र जपा, तो बऱ्याचदा कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. मसुराच्या सूपलाही ‘एत सुयु’ म्हणजे मांसाचं पाणी घातलं आहे का, ते विचारा. ‘एतसिझ’ म्हणजे मांसाशिवाय. पण काही जण कोंबडीला ‘एत’मध्ये धरत नाहीत, म्हणून ‘तावुक दा ओल्मासिन’, कोंबडीही नको, हेही म्हणा. रस्त्यावर मिळणारा ‘चि कोफ्ते’, नावाचा अर्थ कच्च्या मांसाचा गोळा असा असूनही, आता दलियाचाच असतो. एकादशी त्या चार दिवसांत आली तर ऑक्टोबर हा उपवासाला अगदी योग्य महिना आहे: सुकी अंजिरं, खजूर, अक्रोड, डाळिंबाचा ताजा रस, घट्ट दही. चहा मिळेल तो बिनदुधाचा, छोट्या पेल्यात. आईंना दुधाचाच लागत असेल तर घरून पुड्या न्या आणि हॉटेलात गरम दूध मागा. त्या चहात कमीपणा काही नाही.

आई-बाबांचा प्रवासविमा शेंगेनपुरताच घेतला असेल, तर तुर्कस्तानात तो चालणार नाही. चार दिवसांचा वेगळा काढा. वयाच्या माणसांना घेऊन विम्याशिवाय जाऊ नका.

राहिला तुमचा नवरा. त्याला ‘तुझा आराखडा चुकीचा आहे’ असं म्हणू नका, कारण तो आराखडा शहरांचा नाहीच. इतकी वर्षं आई-बाबांना काही दाखवता आलं नाही, ते चार दिवसांत भरून काढायला तो निघाला आहे. ‘परत थोडेच येणार आहेत’ या वाक्यात तेच आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या पोटात ते असतं, माझ्याही. त्याला ते बोलू द्या. मग एवढंच विचारा, की पुढच्या वर्षी आई फोनवर शेजारणीला ही सहल सांगत असतील, तेव्हा त्या काय सांगत असाव्यात असं तुला वाटतं? आणि मघाशी मी जो नकाशा पुढ्यात ठेवायला सांगितला, तो तुम्ही नका ठेवू, त्याला ठेवू द्या. बाबांना तो प्रश्न मुलानं विचारलेला बरा.

पासपोर्टचं पान मात्र आज रात्रीच बघा.